सावदा, रावेर, चोपडा ते जळगाव : तुटणाऱ्या नेटवर्कवर एकच हिशेब (प्रकल्प नोंदी)

२२ एप्रिल, जळगाव

केळी उत्पादकांच्या एका संस्थेच्या हिशेब प्रणालीचे काम आजपासून आमच्याकडे आले. सावदा, रावेर आणि चोपडा अशी संस्थेची तीन संकलन केंद्रे आहेत. प्रत्येक केंद्रावर वजनकाट्याला जोडलेला एक छोटा सर्व्हर असून त्यावर त्या केंद्राचा स्वतःचा पोस्टग्रेस डेटाबेस चालतो. मुख्य हिशेब जळगावच्या कार्यालयात आहे. उचलीचे खाते, म्हणजे रोपे, खते आणि ठिबकच्या साहित्यासाठी शेतकऱ्याने हंगामाआधी घेतलेल्या रकमेचे खाते, त्याच इमारतीत पण दुसऱ्या डेटाबेसमध्ये आहे, कारण ते काम पूर्वीपासून वेगळ्या सॉफ्टवेअरवर होत आले आहे. त्यामुळे एका शेतकऱ्याचा माल काट्यावर आला की तीन ठिकाणी तीन नोंदी व्हाव्या लागतात: केंद्राच्या वहीत वजन, मुख्य हिशेबात चुकाऱ्याची रक्कम आणि उचल खात्यात वसुली. तिन्ही व्हाव्यात किंवा एकही होऊ नये, ही संस्थेची मागणी आहे आणि ती रास्त आहे. वजन लिहिले गेले आणि रक्कम जमा झाली नाही तर शेतकरी बुडतो. रक्कम जमा झाली आणि वसुली राहिली तर संस्था बुडते.

एकाच डेटाबेसमध्ये ही मागणी अवघड नाही. १९८३ साली थिओ हार्डर आणि आंद्रेआस रॉयटर यांनी व्यवहाराच्या ज्या चार गुणांना मिळून ‘अ‍ॅसिड’ हे नाव दिले, त्यांतला पहिला गुण हाच आहे, आणि एका यंत्रात तो लॉगच्या, म्हणजे बदलांच्या क्रमवार नोंदवहीच्या, आधारे मिळतो. कमिटची, म्हणजे व्यवहार पक्का केल्याची, एक नोंद डिस्कवर पोहोचली तर व्यवहार झाला, पोहोचली नाही तर झाला नाही. मधली अवस्था राहत नाही. तीन यंत्रे झाली की ती एक नोंद कुणाच्या डिस्कवर असावी, हा प्रश्न उभा राहतो, आणि आमचे पुढचे सगळे काम या एका प्रश्नाभोवतीच असणार आहे.

आधीच्या मांडणीत यासाठी दोन टप्प्यांचे कमिट वापरले आहे. जळगावचा समन्वयक, म्हणजे तिन्ही डेटाबेसमध्ये एकच निर्णय घडवून आणणारा प्रोग्राम, पहिल्या टप्प्यात तिन्ही डेटाबेसना ‘तयार आहात का’ असे विचारतो. प्रत्येक डेटाबेस आपला भाग डिस्कवर लिहून ‘तयार’ असे उत्तर देतो. सगळे तयार असतील तर समन्वयक आपल्या वहीत ‘कमिट’ असा निर्णय लिहितो आणि दुसऱ्या टप्प्यात तो सर्वांना कळवतो. तूर्त ही मांडणी तशीच ठेवून आधी चालू काम समजून घ्यायचे, असे आज ठरले.

२५ एप्रिल

पोस्टग्रेसमध्ये तयार व्यवहारांची कमाल संख्या मुळात शून्य असते, म्हणजे ही सोय मुद्दाम चालू करावी लागते. तिन्ही केंद्रांवर ती चालू आहे, याची खात्री केली. तयार झालेला व्यवहार सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला तरी टिकतो आणि त्याने धरलेली लॉकही, म्हणजे त्या ओळी इतरांना बदलू न देणारी कुलुपेही, टिकतात. हा गुण आवश्यकच आहे, परंतु वीज वारंवार जाणाऱ्या केंद्रावर त्याचा अर्थ काय होईल, हे पाहावे लागेल.

६ मे, चोपडा ते जळगाव

आज दुपारी मी चोपड्याहून परतत असताना सावदा केंद्राच्या लिपिकांचा फोन आला. त्यांना सगळे नानाच म्हणतात. ते म्हणाले, “भाऊ, मागचाच व्यवहार अडकून बसला आहे. पावती निघत नाही. दुसरा ट्रॅक्टर काट्यावर उभा आहे, मागे अजून चार आहेत. ऊन तर असं आहे की माल काळा पडेल. काय करू?”

सावद्याच्या रस्त्यालगत खोदकामात फायबर तुटली होती, आणि ती नेमकी सावद्याने ‘तयार’ असे कळवल्यानंतर पण जळगावचा निर्णय सावद्याला पोहोचण्याआधी तुटली होती. पावती क्रमांकात खंड पडू नये, अशी लेखापरीक्षकांची अट असल्याने पुढचा क्रमांक ज्या ओळीत असतो ती ओळही त्याच व्यवहारात बदलली जाते. अडकलेल्या व्यवहाराने ती ओळ धरून ठेवली होती आणि त्यामुळे एका शेतकऱ्याच्या एका पावतीपायी सबंध केंद्र थांबले होते.

माझ्या हाताशी त्या वेळी जळगावचा सर्व्हर नव्हता. निर्णय सावद्याला पोहोचला नाही म्हणजे व्यवहार झालेला नसणार, असे मी धरले आणि केंद्रावरच्या संगणक चालवणाऱ्या मुलाला फोनवरून आज्ञा सांगून तो तयार व्यवहार रद्द करायला लावला. लॉक सुटले. पाऊण तासाने जोडणीही आली. पुढच्या ट्रॅक्टरची पावती करताना मात्र जळगावने ती नाकारली: क्रमांक ११८७ आधीच वापरला गेला आहे.

७ मे, सावदा

सकाळी सावद्याला जाऊन दोन्हीकडचे लॉग शेजारी शेजारी ठेवून वाचले. दुपारी २ वाजून ५२ मिनिटांनी सावदा तयार झाला. त्याच मिनिटाला जळगावच्या समन्वयकाने ‘कमिट’ हा निर्णय लिहिला आणि जळगावच्या दोन्ही डेटाबेसनी तो अमलातही आणला. ३ वाजून २० मिनिटांनी माझ्या सांगण्यावरून सावद्याने आपला भाग रद्द केला. ११८७ या क्रमांकाचे ४२ क्विंटल ६० किलो केळ जळगावच्या हिशेबात होते, शेतकऱ्याच्या उचलीतून रक्कमही वळती झाली होती, आणि ज्या केंद्रावर ते केळ मोजले गेले त्या केंद्राच्या वहीत त्याचा मागमूस नव्हता.

याहून गंभीर बाब पुढे आढळली. जोडणी परत आल्यावर समन्वयकाने शिस्तीने सावद्याला ‘कमिट कर’ असे पुन्हा सांगितले होते. सावद्याने ‘या नावाचा तयार व्यवहार माझ्याकडे नाही’ असे उत्तर दिले. जुन्या प्रोग्रामने या उत्तराचा अर्थ ‘आधीच कमिट झाला असावा’ असा लावून व्यवहार पूर्ण म्हणून मिटवून टाकला होता. तयार व्यवहार कमिट झाला तरी यादीतून जातो आणि रद्द झाला तरी जातो. दोन्ही प्रसंगी उत्तर एकच येते, मग त्यावरून कोणताही एक अर्थ काढणे चूकच आहे. पावती क्रमांकाची अट नसती तर ही तफावत हंगाम संपेपर्यंत कुणाच्या लक्षात आली नसती.

काट्याच्या यंत्रातून निघालेली वजनाची कागदी चिठ्ठी नानांनी जपून ठेवली होती. तिच्या आधारे सावद्याची नोंद हाताने पूर्ववत केली. शेतकऱ्याचे नुकसान झाले नाही. चूक माझी होती, हे संस्थेला लेखी कळवले आहे. ‘तयार’ म्हटल्यानंतर सहभागी डेटाबेसचा रद्द करण्याचा अधिकार संपतो, हा या पद्धतीचा मूळ करार आहे आणि मी तो फोनवरून मोडायला लावला. शांततेचा अर्थ नकार असा घेतला, ही त्यामागची खरी चूक होती.

१३ मे

मागच्या आठवड्यातला प्रसंग अधिक हुशार प्रोग्राम लिहून टाळता आला असता का, हा प्रश्न संस्थेच्या बैठकीत विचारला गेला. याचे उत्तर नीट द्यायला हवे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

बैठकीत मी असे उदाहरण दिले. समजा बागाईतदार रावेरकडे आहे आणि ट्रकवाला भुसावळला. ट्रक येणार नसेल तर घड कापून ठेवण्यात अर्थ नाही, कारण कापलेला घड पुन्हा झाडाला लागत नाही. आणि घड कापलेले नसतील तर ट्रक रिकामा आणून भाडे भरण्यात अर्थ नाही. फोन नाही, एक मुलगा सायकलवरून निरोप नेतो आणि तो वाटेत कुठेही अडकू शकतो. बागाईतदार निरोप पाठवतो, ‘उद्या सकाळी कापतो.’ निरोप पोहोचला की नाही हे त्याला कळत नाही, म्हणून ट्रकवाला पोच पाठवतो. आता पोच पोहोचली की नाही हे ट्रकवाल्याला कळत नाही. पोचेची पोच, तिचीही पोच असे कितीही लांबवले, तरी शेवटचा निरोप धाडणाऱ्याला तो पोहोचल्याची खात्री कधीच नसते. आणि तो शेवटचा निरोप हरवला तरी चालणार असेल, तर त्याची मुळात गरजच नव्हती. तो वगळला की त्याच्या आधीचा निरोप शेवटचा होतो आणि तोच युक्तिवाद त्यालाही लागू पडतो. याच अडचणीला जिम ग्रे यांनी १९७८ साली दोन सेनापतींचा पेच असे नाव दिले. निरोप हरवू शकणाऱ्या वाटेवर दोघांनी एकाच वेळी, खात्रीने, ठरलेल्या मुदतीत एकमत होणे शक्य नाही. अधिक चांगला प्रोग्राम लिहून ही मर्यादा हटत नाही.

दोन टप्प्यांचे कमिट ‘ठरलेल्या मुदतीत’ ही अट सोडून देते. निर्णय कधीतरी सर्वांना कळेल आणि तोवर सगळे थांबतील, असे ते म्हणते. म्हणून ते बरोबर असते आणि म्हणूनच ते अडते. १९८१ साली डेल स्कीन यांनी मध्ये एक टप्पा वाढवून, समन्वयक बंद पडला तरी न अडणारी तीन टप्प्यांची पद्धत मांडली. आमच्या तरुण सहकाऱ्याने ती सुचवलीही. परंतु तिचा आधार असा आहे की बंद पडलेले यंत्र आणि नुसतेच पलीकडे राहिलेले यंत्र यांत फरक करता येतो. सावद्याची फायबर तुटली तेव्हा सावदा चालू होता आणि जळगावही चालू होता, फक्त दोघे एकमेकांना दिसत नव्हते. अशा वेळी तीन टप्प्यांच्या पद्धतीत एक बाजू कमिट आणि दुसरी बाजू रद्द, असा निर्णय घेऊ शकते. पुढे १९८५ साली फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी सिद्ध केले की संदेशाला किती उशीर होईल याला मर्यादाच नसेल आणि एक जरी यंत्र बंद पडू शकत असेल, तर नेहमी संपेलच अशी एकमताची कोणतीही निश्चित रीत असू शकत नाही. उशीर आणि मृत्यू यांत पलीकडून फरक करता येत नाही, हेच या सगळ्याच्या मुळाशी आहे.

मग काय करता येते? कोणत्या नोंदीला थांबावे लागेल आणि कोणत्या नोंदीला थांबण्याचे कारणच नाही, हे आधी वेगळे करता येते.

१८ मे

आजचा दिवस संस्थेच्या हिशेबनिसांबरोबर बसून प्रत्येक नोंदीची छाननी करण्यात गेला आणि त्यातून या प्रकल्पाची दिशा ठरली.

वजन ही घडलेली घटना आहे. माल काट्यावर चढला, आकडा दिसला, शेतकऱ्याने तो डोळ्यांनी पाहिला. जळगाव या वजनाला नकार देऊ शकत नाही, आणि ज्याला नकार देण्याचा अधिकार नाही त्याची संमती मागण्यात अर्थ नाही. तेव्हा वजनाचा व्यवहार सावद्याने एकट्याने, आपल्याच डेटाबेसमध्ये, जळगावची वाट न पाहता पक्का करावा. त्याच स्थानिक व्यवहारात ‘जावक’ नावाच्या तक्त्यात एक ओळ पडावी: हे वजन जळगावला कळवायचे आहे. वजनाची नोंद आणि जावकेची ओळ एकाच डिस्कवर एकाच कमिटने होत असल्यामुळे दोन्ही होतील किंवा एकही होणार नाही. ही जावक सुटसुटीत चालणारा वेगळा प्रोग्राम, जोडणी असेल तेव्हा, ओळीओळीने जळगावला पाठवील आणि पोच येईपर्यंत पाठवतच राहील.

पुन्हा पुन्हा पाठवले की एकच वजन दोनदा जमा होण्याचा धोका येतो. त्यासाठी जळगावकडे ‘आवक’ तक्ता ठेवला आहे. प्रत्येक संदेशाची ओळखखूण त्यात एकदाच लिहिली जाऊ शकते, आणि ती लिहिणे व रक्कम जमा करणे हे एकाच व्यवहारात होते. तोच संदेश दुसऱ्यांदा आला तर खूण आधीच असल्याने काहीही जमा होत नाही, फक्त पोच पुन्हा जाते. संदेश नेमका एकदाच पोहोचेल अशी हमी कुणी देऊ शकत नाही. तो कितीही वेळा पोहोचला तरी परिणाम एकदाच होईल, ही हमी मात्र देता येते.

उचलीचे प्रकरण निराळे आहे. शेतकरी कोणत्याही केंद्रावर उचल घेऊ शकतो आणि त्याची एक कमाल मर्यादा असते. सावदा आणि रावेर दोन्ही जळगावपासून तुटलेले असताना दोघांनीही पूर्ण मर्यादेपर्यंत रक्कम दिली, तर मर्यादा मोडते. नेटवर्क तुटलेले असताना प्रत्येक केंद्राने उत्तर द्यायचे की सर्वांचा हिशेब जुळता ठेवायचा, यांतले एकच मिळते, ही एरिक ब्रूअर यांनी २००० साली मांडलेली आणि गिल्बर्ट व लिंच यांनी २००२ साली सिद्ध केलेली निवड इथे टाळता येत नाही. हिशेबनिसांचे मत स्पष्ट होते: उचल थांबली तरी चालेल, मर्यादा मोडता कामा नये.

तरीही त्यात एक मधली वाट निघाली. मर्यादेचा काही भाग आधीच केंद्राच्या नावे बाजूला काढून ठेवायचा. ३०,००० रुपये उरलेले असतील तर त्यांतले ५,००० सावद्याच्या वाट्याला राखून ठेवायचे, आणि जळगावने ते आपल्याकडच्या शिल्लक मर्यादेतून लगेच वजा करायचे. जोडणी नसताना सावदा ५,००० पर्यंत बिनदिक्कत देऊ शकतो, कारण तेवढ्यावर दुसऱ्या कुणाचा हक्कच उरलेला नाही. पॅट्रिक ओनील यांनी १९८६ साली अनामत ठेवीच्या धर्तीवर मांडलेली रीत हीच आहे. नाना हे ऐकून म्हणाले, “म्हणजे घरखर्चाचे पैसे आधीच वेगळे काढून ठेवायचे.” इतक्या थोडक्यात मला सांगता आले नव्हते.

२६ मे

ओळखखूण कोणत्या क्षणी तयार व्हावी, यात आम्ही पहिल्यांदा चुकलो. ‘पावती करा’ हे बटण दाबल्यावर खूण तयार होत होती. चाचणीत स्क्रीन अडकली की केंद्रावरच्या मुलाने पान बंद करून सगळी माहिती पुन्हा भरली, बटण पुन्हा दाबले, नवी खूण तयार झाली आणि एकाच ट्रॉलीच्या दोन पावत्या झाल्या. यंत्राच्या दृष्टीने ते दोन वेगळे माल होते. आता काट्यावर ट्रॉली चढून वजन स्थिर झाले की खूण तयार होते आणि लगेच डिस्कवर लिहिली जाते. पान कितीदाही उघडले तरी ती ट्रॉली उतरेपर्यंत तीच खूण राहते.

दुसरी दुरुस्ती अशी की तीच खूण पण वेगळे वजन घेऊन संदेश आला तर जळगावने ‘आधीच आला आहे’ असे म्हणून तो गिळू नये. तो बाजूला काढून माणसापुढे ठेवावा, कारण तिथे कुठेतरी खरी चूक असते.

५ जून, सावदा

परवा संध्याकाळी वादळ झाले. रावेर, यावल भागात कापणीला आलेल्या बागा आडव्या झाल्या आहेत. वर्षभर पोसलेले घड मातीत पडलेले पाहवत नाहीत. वीज आणि जोडणी दोन्ही गेली. पडलेला माल जेवढा वाचेल तेवढा ताबडतोब काट्यावर आणावा लागत असल्याने केंद्रावर नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. नवी मांडणी सावद्याला दहा दिवसांपूर्वीच बसवली होती, म्हणून जनरेटर चालू होताच वजने सुरू झाली आणि १९ तास जळगावशी संबंध नसताना पावत्या निघत राहिल्या. जुन्या मांडणीत यांतली एकही निघाली नसती.

जोडणी परत आल्यावर मात्र जावक पंधरा मिनिटे हलली नाही. कारण शोधले तेव्हा जुनी टीसीपी जोडणी (दोन यंत्रांमधला संदेशांचा दुवा) मेलेली असूनही सर्व्हरची कार्यप्रणाली, लिनक्स, ती जिवंत धरून त्याच संदेशाचे तुकडे वाढत्या अंतराने पुन्हा पाठवत होती. लिनक्सच्या मूळ मांडणीत असे पंधरा प्रयत्न होतात आणि हार मानायला सुमारे ९२४ सेकंद लागतात. जोडणीवर काहीच पाठवायचे नसेल तर ती जिवंत आहे का, हे तपासण्याची सोय चालू असली तरी सुरुवातच दोन तासांनी होते. आता आमच्या प्रोग्राममध्ये २० सेकंदांची मुदत घातली आहे. मुदत संपली याचा अर्थ ‘झाले नाही’ असा न घेता ‘माहीत नाही’ असाच घेऊन त्याच खुणेने पुन्हा पाठवायचे, हे लिहून ठेवले आहे.

१२ जून, जळगाव

मुख्य हिशेब आणि उचल खाते हे दोन डेटाबेस एकाच इमारतीत आहेत. त्या दोहोंत दोन टप्प्यांचे कमिट ठेवायचे ठरले, कारण तिथे वसुली आणि जमा यांत क्षणभरही तफावत नको आहे आणि तिथली तार रस्त्याच्या खोदकामात तुटत नाही. परंतु समन्वयकच बंद पडला तर अडचण तीच राहते, म्हणून समन्वयकाची निर्णयवही एका यंत्रावर न ठेवता जळगाव, भुसावळ आणि धुळे अशा तीन ठिकाणी ठेवली आहे. तिघांपैकी दोघांनी लिहिला तरच निर्णय झाला, असा नियम आहे. दोन टप्प्यांच्या कमिटला असे बहुमताचे बळ देण्याची रीत ग्रे आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांनी २००६ साली मांडली. आम्ही बहुमतासाठी डिएगो ओंगारो आणि जॉन आउस्टरहाउट यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेली राफ्ट ही पद्धत वापरत आहोत, कारण ती वाचून समजते आणि आमच्यातल्या प्रत्येकाला ती समजलेली असणे महत्त्वाचे आहे.

तीनऐवजी दोन ठिकाणे का नाहीत, असे संस्थेने खर्चापोटी विचारले. दोघांत बहुमत म्हणजे दोघेही. एक बंद पडला की दुसरा अडला. तिसऱ्या यंत्राच्या खर्चात एका यंत्राच्या मृत्यूची सोय होते. तिन्ही एकाच इमारतीत ठेवली असती तर ती सोय एका वीजवाहिनीच्या भरवशावर राहिली असती.

७ मेच्या त्या दुहेरी अर्थाच्या उत्तरावरही उपाय झाला आहे. प्रत्येक सहभागी डेटाबेस व्यवहार पक्का करताना त्याच व्यवहारात ‘अमुक व्यवहार पक्का झाला’ अशी एक ओळ लिहितो. ‘तयार व्यवहार सापडत नाही’ असे उत्तर आले की समन्वयक ती ओळ शोधतो. ओळ असेल तर पक्का झाला आहे. ओळ नसेल तर कुणीतरी हाताने रद्द केला आहे, आणि तेव्हा प्रणाली स्वतः काहीही न मिटवता आम्हाला उठवते.

२० जून

दिवसभर मुद्दाम बिघाड करून पाहिले. प्रोग्राम बंद करणे ही सर्वांत सौम्य चाचणी ठरली, कारण प्रोग्राम मेला की पलीकडे जोडणी तुटल्याचे लगेच कळते. तार उपटणे त्याहून कठीण गेले. सर्वांत कठीण चाचणी एकाच दिशेने संदेश अडवण्याची होती: धुळ्याचे म्हणणे जळगावला पोहोचते, जळगावचे धुळ्याला पोहोचत नाही. राफ्टमध्ये तिघांपैकी एक यंत्र मतांनी प्रमुख निवडले जाते, आपण चालू असल्याचा संकेत ते सतत पाठवते, आणि प्रत्येक नव्या निवडणुकीला सत्राचा चढता क्रमांक मिळतो. प्रमुख यंत्राचा श्वास, म्हणजे हा संकेत, ऐकू येत नाही म्हणून धुळे दर थोड्या वेळाने स्वतःला उमेदवार म्हणून उभे करी, त्याच्या वाढलेल्या सत्राचा क्रमांक पाहून चालू प्रमुख बाजूला होई आणि निवडणूक पुन्हा सुरू होई. निर्णय चुकीचा एकही झाला नाही, परंतु काम रखडले. उमेदवारीपूर्वी ‘मला मत मिळेल का’ असे विचारून घेण्याची, ओंगारो यांनीच सुचवलेली जोड घातल्यावर हे थांबले, कारण प्रमुखाचा आवाज ऐकणारे भुसावळ आता धुळ्याला होकार देत नाही.

सत्राच्या क्रमांकाचा उपयोग दुसऱ्या चाचणीत डोळ्यांनी दिसला. जुन्या प्रमुखाला आम्ही ४० सेकंद गोठवून ठेवले आणि मग सोडले. आपण अजून प्रमुखच आहोत असे समजून त्याने एक निर्णय पाठवला. भुसावळ आणि धुळे या दोघांनीही त्याचे सत्र जुने असल्याचे सांगून तो परत केला.

२८ जून

चोपड्याच्या सर्व्हरची आतली बॅटरी संपली होती. वीज जाऊन आली तेव्हा घड्याळ काही वर्षे मागे गेले आणि त्या तासाभरातल्या पावत्यांना जुन्या तारखा पडल्या. वजन बरोबर होते. प्रश्न भावाचा आला. केळीचा भाव रोज बदलतो आणि जावक उशिरा पोहोचू शकते, म्हणून संदेश पोहोचला त्या दिवसाचा भाव लावला तर शेतकऱ्यावर अन्याय होतो, आणि केंद्राच्या घड्याळावर विसंबून भाव लावला तर हे असे होते.

घटनांचा क्रम घड्याळावरून न ठरवता, कशामुळे काय घडले यावरून ठरवावा, हे लॅम्पोर्ट यांनी १९७८ साली मांडले होते. त्याला धरून प्रत्येक दिवसाच्या भावपत्रकाला जळगाव आता चढता क्रमांक देते. पावतीवर, वजनाच्या वेळी केंद्राकडे असलेल्या भावपत्रकाचा क्रमांक लिहिला जातो, आणि त्या केंद्राच्या पावत्यांचा क्रम केंद्राच्या मोजणीवरून ठरतो. दिवसाचे भावपत्रक पोहोचलेच नसेल तर वजन लिहिले जाते आणि भावाची जागा ‘प्रलंबित’ राहते. जुन्या पत्रकावर भाव लावून नंतर फरक देण्याची सूचना आली होती. ती मी नाकारली, कारण हातात पडलेला आकडा शेतकरी खरा मानतो आणि तो नंतर खाली आला तर त्याचा विश्वास जातो.

३ जुलै, सावदा

तिन्ही केंद्रांची जावक आणि जळगावची आवक रोज रात्री ताडून पाहिली जाते. गेल्या आठ रात्री एकही तफावत निघाली नाही. चोपड्याची नवी बॅटरी बसवली. धुळ्याच्या यंत्राला स्वतंत्र वीजपुरवठा अजून मिळालेला नाही, त्याचा पाठपुरावा करायचा आहे.

नानांनी एक मागणी केली होती. पावती निघते, पण ती जळगावला पोहोचली की नाही हे शेतकरी विचारतो आणि त्यांना सांगता येत नाही. आजपासून पावतीच्या तळाशी एक ओळ छापली जाते: ‘वजन पक्के. जळगावला कळवायचे आहे.’ पोच आल्यावर हवी असल्यास दुसरी प्रत निघते आणि तिच्यावर ‘जळगावला जमा’ असे पत्रकाच्या क्रमांकासह येते. दुपारी पहिली प्रत एका आजोबांच्या हातात दिली. त्यांनी ती चष्म्याजवळ नेऊन दोनदा वाचली आणि विचारले, “म्हणजे अजून पोहोचलं नाही ना?” नाना म्हणाले, “नाही आजोबा. वजन तुमचं पक्कं आहे, निरोप जायचा आहे.” आजोबांनी पावती घडी करून टोपीत ठेवली आणि संध्याकाळी दुसऱ्या प्रतीसाठी येतो म्हणाले. साडेपाचला ते आले, तेव्हा ती तयार होती.